चुलीला चुलवाणाचं धुराडं

माझा मेहुणा आजही चार माणसांत सांगतो, की दाजींच्या घरात धुराडं आलं ते माझ्यामुळं. मी ऐकून घेतो. ऐकून घेणं हा माझा स्वभाव नाही, उभ्या बाजाराला ते माहीत आहे. पण या एका बाबतीत माझं तोंड बांधलेलं आहे. ते कुणी आणि कसं बांधलं, ते लिहून ठेवतो.

महायुद्धाची वर्षं होती. इस्लामपूरच्या बाजारपेठेत माझी गुळाची अडत होती. शेतकऱ्यानं गुऱ्हाळावरचा गूळ माझ्याकडं आणायचा, सांगलीच्या व्यापाऱ्यानं तो घ्यायचा, आणि दोघांच्या मध्ये मी. भाव तोंडानं बोलायचा नाही. उपरण्याखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून काय ते ठरवायचं. त्या उपरण्याखाली माझ्याएवढा चिवट माणूस पेठेत दुसरा नव्हता. मी हमाली करून वर आलो. ज्या गाळ्यात डोक्यावरून ढेपा वाहिल्या, तोच गाळा पुढं विकत घेतला आणि त्यावर घर बांधलं. कुणाच्या बापाची त्यात एक वीट नव्हती.

गाळा अरुंद आणि लांबट. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, मागं दुसऱ्याचा गोठा. पुढं पेढी, मध्ये गुळाची खोली, शेवटी स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, कारण खिडकी काढायला स्वतःची भिंतच नव्हती. आणि चुलीवर, डोक्याच्या वर, फळ्यांचा घट्ट माळा. गूळ धंद्यातला कुणीही असाच माळा घालेल. पावसाळ्यात गुळाला सर्द हवा लागली की त्याला पाणी सुटतं, ढेप पाघळते, आणि शिल्लक टाकलेला माल मातीमोल होतो. चुलीची ऊब खालून लागली की तोच गूळ खडखडीत राहतो. माझ्या माळ्यावरचा गूळ श्रावणातही दगडासारखा वाजायचा. लोक बघायला यायचे.

गावच्या जुन्या धाब्याच्या घरांत चुलीवर छताला एक भोक ठेवत, धूर जायला आणि उजेड यायला. माझ्या घरात ते नव्हतं. धूर फळ्यांखाली साठायचा, मग खाली उतरायचा, आणि गुळाच्या खोलीतून पेढीवर यायचा. माझे डोळे चुरचुरायचे, तर आत बसणाऱ्या बायकोचं काय होत असेल ते दिसत होतं. आधी नुसता खोकला होता. मग धाप लागायला लागली. पाण्याची घागर घेऊन उंबरा चढली की थोडा वेळ दाराला धरून उभी राहायची. सांगलीच्या डॉक्टरला दाखवलं. त्यानं छातीला नळी लावली, बाटली दिली आणि म्हणाला, "आधी धूर बंद करा. बाटली त्याच्यानंतर."

मी म्हटलं बघू. हंगाम संपला की बघू.

तिला बसून राहता येत नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. लांबून गूळ घेऊन येणारे शेतकरी माझ्याकडं जेवायचे. बैल सोडायचे, हातपाय धुवायचे, आणि पानावर बसायचे. तिची भाकरी तव्यावरून निघून आराला, म्हणजे चुलीपुढच्या निखाऱ्यांना टेकली की अशी टम्म फुगायची, की पदर फाटू न देता दोन पापुद्रे वेगळे व्हावेत. शेतकरी माझ्या पेढीवर येतात ते माझ्या भावासाठी, असं मी म्हणायचो. पेठेतले बाकीचे अडते म्हणायचे, "भावासाठी न्हाई गड्या, भाकरीसाठी." मी चिडायचो. ती आत हसायची आणि हसता हसता खोकायची.

दसरा होऊन गेला आणि मेहुणा आला. तिचा धाकटा भाऊ. फलटणकडं त्यांचा मळा, पण हा पलटणीत भरती झालेला, लांब रजेवर आलेला. उंबऱ्यातनं आत गेला आणि खोकत बाहेर आला.

"दाजी," तो म्हणाला, "आत मानूस राहतंय का गूळ?"

"दोन्ही राहतात," मी म्हटलं.

"गुळाची काळजी दिसती. आक्काची दिसंना." पेढीवर दोन शेतकरी आणि एक हमाल बसले होते, त्यांच्यासमोर बोलला. "आमच्या बराकीत शेगडी हाय. लाकडाचीच. पन तिला वर पाईप. सगळा धूर भायेर. गोऱ्या सायबापासनं भंग्यापर्यंत कुणाच्या डोळ्याला पानी न्हाई. आन तुमी एवढं अडते, तुमच्या घरात धूर जायला जागा न्हाई?"

"तुझ्या बराकीचं भाडं सरकार भरतंय," मी म्हटलं. "माझ्या घरात मला शिकवू नकोस."

तो शांतपणे उठला. पलटणीत जाऊन त्याला ही एक सवय लागली होती, आवाज न चढवता बोलायची, आणि मला तिचा फार राग यायचा. "मी आक्काला न्हेतो," तो म्हणाला. "पाईप बसवा. रजा संपायच्या आत आनून सोडतो, आन स्वतः बगतो. धूर असला तर परत न्हेतो. मग मी कुठं का असंना, आई हाय, थोरला हाय, ती तिथंच राहील."

मी आत बघितलं. वाटलं, ती म्हणेल की मी येत नाही. ती लुगड्यांचं बोचकं बांधत होती.

"आवं, थोडं दिस," ती म्हणाली, आणि बाकीचं बोलायला तिला दम पुरला नाही.

त्या काळात पेट्रोल मिळत नव्हतं, सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मोटारीच्या मागं मोठा डबा, त्यात कोळसे पेटवायचे, आणि गाडी निघेपर्यंत सगळ्या स्टँडवर धूर. ताकारी स्टेशनाकडं जाणाऱ्या तसल्या मोटारीत मेहुण्यानं तिला पुढं बसवलं. मी म्हटलं, "धुरातून काढतोस आणि धुरातच बसवतोस." तो म्हणाला, "ह्यो धूर मागं जातोय, दाजी. त्येवढंच सांगाय लागलोय मगापासनं." मोटारीतले लोक हसले. तीसुद्धा हसली असेल, मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला गेलो. पत्र्याचा पाईप घ्यायचा, लोहाराकडून बसवायचा, विषय संपला, असा माझा हिशोब. पत्र्याचा व्यापारी माझ्या ओळखीचा, जैन गृहस्थ, गोड बोलणारा. मी बसलो, पाणी प्यालो, उपरणं हातावर टाकलं आणि त्याच्यापुढं धरलं.

त्यानं हात पुढं केला नाही.

"शेठ, कशाचा भाव करताय? पत्रा कंट्रोलमध्ये हाय. परमिट आणा."

"परमिट नाही. भाव बोल."

"भाव असता तर बोललो नसतो व्हय? सगळा पत्रा लढाईला चाललाय. माझ्याच गोदामाचं छप्पर गळतंय, वर बघा."

मी वर बघितलं. परतीच्या पावसात खरंच गळत होतं, खाली घमेलं ठेवलेलं होतं. मी दुसऱ्या दुकानात गेलो, तिसऱ्या दुकानात गेलो. मामलेदार कचेरीत गेलो तर तिथला कारकून म्हणाला, घरगुती कामाला परमिट नाही. मी त्याच्यावर ओरडलो. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही, पुढच्या माणसाला बोलावलं. जन्मभर मी एवढंच शिकलो होतो, की समोरचा नाही म्हणतो तिथून सौदा सुरू होतो. इथं सौदाच नव्हता. कुणी जास्त मागत नव्हतं की मी कमी करीन. उपरणं तसंच हातावर घेऊन मी घरी आलो.

घरी चूल थंड. आलेल्या शेतकऱ्यांना मी खानावळीत पाठवायला लागलो. "वैनी कुठं हायत?" प्रत्येक जण विचारायचा. माहेरी, म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कवा येनार?" एक म्हातारा म्हणाला, "पुढची गाडी मग त्या आल्यावरच आनतो." चेष्टेत म्हणाला, पण गाडी त्यानं आणली नाही.

मग मला चुलवाण बांधणारा सापडला. गुऱ्हाळावर रस आटवायची जी प्रचंड काईल असते, तिच्या खालची भट्टी म्हणजे चुलवाण. दिवाळीच्या आधी हा माणूस गावोगाव चुलवाणं बांधत फिरायचा. त्याचं धुराडं दगडमातीचं, त्याला पत्रा लागत नाही. हे मला आधी का सुचलं नाही म्हणून मी स्वतःवरच खूश झालो. तोंडाचा मोठा माणूस. पेढीवर बसला आणि म्हणाला, "मालक, माझं धुराडं वडाय लागलं की कुत्रं बांधून ठेवावं लागतंय. न्हाईतर आत वडतंय."

मजुरी ठरवायला बसलो. त्यानं सांगितली, मी निम्म्यावर आणली. मग तो म्हणाला, "एवढ्यात मग घरापुरतं बारकं करून देतो."

तिथं मी त्याला धरला. "बारकं नको. गुऱ्हाळावर बांधतोस तेवढंच. तेवढीच उंची, तेवढंच पोट. मजुरी कमी केली म्हणून माल कमी, हा धंदा माझ्यापाशी चालायचा नाही."

"देतो की," तो म्हणाला. "तुमी म्हनाल तेवढं देतो. माती तुमची, दगूड तुमचा."

त्यानं तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. ज्याचं काम त्याला कळतं. मला गूळ कळतो. मी जास्त मागणारच, तो माझा स्वभाव आहे, पण देणाऱ्यानं सांगायला नको का? हे मी आजही म्हणतो.

माळ्याच्या फळ्या कापल्या. ढेपा लांब सरकवल्या. कौलं काढून धुराडं वर गेलं, शेजारच्या आढ्याच्याही वर. पेठेत उभं राहिलं की दिसायचं. धुराड्याचं खालचं तोंड चुलीच्या पाठीमागं उघडत होतं. पहिल्यांदा पेटवायला त्यानं चिपाडं आणली, उसाचा रस काढून राहिलेला वाळका चोथा, गुऱ्हाळावर तेच जाळतात. चिपाडं भडकली आणि धुराड्यानं घोगरा आवाज काढला. खोलीत धुराचं नाव नाही. मी डोळे ताणून उभा राहिलो, पाणी आलं नाही. बाहेर जाऊन वर बघितलं तर काळा लोट थेट आभाळात. शेजारी बाहेर येऊन बघत होते.

मी माणूस पाठवून फलटणकडं निरोप धाडला.

मेहुणा रजेच्या शेवटी येणार होता, थोरल्या भावाबरोबर ती आली. माहेरच्या मोकळ्या हवेनं तोंडावर रंग आला होता. उंबरा चढून आत आली आणि दाराला धरलं नाही. हे मी बघितलं. धुराड्यावरून हात फिरवला, वाकून वर बघितलं. "लय मोठं केलंसा," ती म्हणाली. तिनं हळदकुंकू लावलं, चूल पेटवली, आणि भाकरीला बसली.

मी पेढीवर होतो. आतून खोकला येत नव्हता. कितीतरी वेळ मी नुसता तेच ऐकत बसलो. मग तिनं हाक मारली.

तिच्यापुढं भाकऱ्यांची चळत होती. सगळ्या सपाट. वरून कडक, आतून चिवट, चामड्यासारख्या.

"काय झालं?"

"आर राहात न्हाई," ती म्हणाली. "बगा."

बघितलं. आमच्या चुलीत बाभळीचं लाकूड आणि शेणी. चुलीच्या तोंडाशी निखारे ओढायचे, तव्यावरची भाकरी त्यांना टेकवून उभी करायची, तेव्हा ती फुगते. पण हे धुराडं चिपाडाच्या जाळाला सरावलेल्या माणसानं काईलीसाठी बांधावं तसं बांधलेलं. जाळ सगळा मागं ओढत होतं. पुढं ओढलेला निखारा बघता बघता राख होत होता. तवा मागून लाल, पुढून थंड. बाजूच्या वैलावर ठेवलेली आमटी कोमट. आणि लाकडाचा भारा संपत आलेला.

मी त्या माणसाच्या शोधात निघालो. बोरगावच्या बाजूला एका गुऱ्हाळावर तो सापडला, हात मातीनं माखलेले. मी रस्त्यापासूनच ओरडत गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मालक, धुराडं वडतंय का न्हाई?"

"ओढतंय."

"घरात धूर हाय का?"

"नाही."

"मग? भाकरी फुगवायचं काम मी घेतलं न्हवतं."

गुऱ्हाळावरची माणसं हसली. मी म्हटलं, येऊन लहान करून दे. तो म्हणाला, हंगाम तोंडावर आलाय, सगळी चुलवाणं लावायची आहेत, आता शिमग्याला बघू. मी चढवून देतो म्हटलं, दुप्पट म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी आपण होऊन भाव वाढवला, आणि तो हात धुवायला निघून गेला.

घरी मी स्वतः खटपट केली. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून धुराड्याच्या तोंडाला झडप करायची म्हटलं. तो पातळ पत्रा पहिल्याच दिवशी तापून वाकडा झाला आणि अडकून बसला. अर्धी वीट लावून बघितली, तर अर्धा धूर आणि अर्धी फुगलेली भाकरी, एका बाजूनं करपलेली. तिसऱ्या दिवशी आतून खोकला ऐकू आला. मी उठून गेलो. खोली निळी झालेली, आणि ती टम्म फुगलेल्या भाकऱ्या उतरवत होती. धुराड्याच्या तोंडात तिनं सबंध वीट बसवली होती.

"काढ ती," मी म्हटलं.

"चूल पेटल्याव हात घालाय येत न्हाई."

"उद्यापासून लावायची नाही."

"मग भायेर बसल्याल्या मानसास्नी काय घालू? ते कातडं?" तिनं पदरानं डोळे पुसले. "काल एकानं भाकरी तशीच ठिवली पानावर. आजपातुर माज्या हातची कुणी ठिवली न्हाई."

"ठेवू दे. तुझी छाती बघ."

"छाती मला दिसती का? भाकरी दिसती."

मी ओरडलो. ओरडणं मला येतं. ती खाली मान घालून पुढची भाकरी थापत राहिली, आणि माझा आवाज त्या धुरात कुठंतरी विरून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वीट उचलून गोठ्यामागं फेकली. दुपारी धुराड्याच्या तोंडात दुसरी वीट होती. विटांची घरात काय कमी. घर मीच बांधलेलं.

रजा संपत आली तेव्हा मेहुणा आला. खाकी कपडे, ट्रंक, इथूनच ताकारीला जाऊन गाडी धरणार होता. पेठेच्या टोकालाच उभा राहून त्यानं वर बघितलं. धुराड्यातून लोट चालला होता. मी पेढीवरून बघितलं आणि मला कळेना, की हा लोट आला कुठून. आत गेलो तर वीट चूल पेटवायच्या आधीच काढून फडक्यात गुंडाळून भांड्यांमागं ठेवलेली. तिला कुणीतरी आधीच सांगितलं होतं, की भाऊ स्टँडवर उतरला.

"त्याला काय बोलू नका," ती म्हणाली. "माजी शपथ हाय."

"बोललो तर तो तुला नेईल. तिथं बरी तरी राहशील."

"तितं मी काय करू? भावजयीच्या चुलीपाशी बसू?"

मेहुणा आत आला. खोलीभर फिरला, नाकानं हवा ओढली, धुराड्याच्या पोटावर थाप मारली. "शाब्बास, दाजी," तो म्हणाला. "बराकीपेक्षा झकास." मी पाट मांडला. तो जेवायला बसला. तिनं वाढलं. त्यानं भाकरी मोडली, म्हणजे मोडायला गेला, तर ती मोडेना. दोन्ही हातांनी ताणून फाडली.

"आक्का," तो चावता चावता म्हणाला, "माहेरपनात हात इसरलीस व्हय? असली तर आमचा पलटणीतला लंगरवाला बी करतोय."

तिनं दुसरी भाकरी वाढली. "जुनं पीठ हाय," ती म्हणाली. तिच्या तोंडाकडं मी बघू शकलो नाही. तिच्या भाकरीवर उभ्या तालुक्यात कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि हे ऐकून ती हसत होती, खोकल्याशिवाय, कारण त्या दिवशी खोलीत धूर नव्हता. एका शब्दात मी तिची भाकरी परत मिळवून देऊ शकत होतो. तोच शब्द तिला घरातून नेणार होता. दोन्हीकडून बांधलेला बैल जसा उभा राहतो तसा मी उभा राहिलो.

निघताना मेहुण्यानं माझा हात हातात घेतला. "दाजी, मी बोललो त्याचा राग धरू नका. आता मी निवांत जातो." मला त्याचा राग होता, अजून आहे. पण हा लढाईवर चालला होता आणि निवांत चालला होता. मी म्हटलं, "जपून जा."

मोटार गेली. नव्या हंगामाच्या पहिल्या गाड्या दारात लागल्या होत्या, शेतकरी हातपाय धूत होते. तो म्हातारा आला होता, ज्यानं गाडी अडवून धरली होती. "वैनी आल्या जनू," तो म्हणाला. सांगलीचा व्यापारी माझ्यासमोर येऊन बसला. मी उपरणं टाकलं, त्यानं खाली हात घातला, मी त्याची बोटं धरली. गूळ चांगला होता, पिवळाधमक, आणि मला माझा भाव माहीत होता.

आतून वीट सरकल्याचा आवाज आला. दगडावर दगड घासल्यासारखा, बारीक. मग फुंकणीचा आवाज. थोड्या वेळानं दारातून धुराची पहिली पट्टी बाहेर आली आणि पेढीच्या आढ्याखाली पसरली. शेतकऱ्यांनी तिकडं बघितलं आणि पानं घ्यायला उठले. मग खोकला सुरू झाला.

व्यापाऱ्यानं माझं बोट दाबलं. त्यानं पुन्हा दाबलं. "बोला की शेठ," तो म्हणाला. मी खोकला थांबायची वाट बघत होतो. तो थांबत नव्हता. उपरण्याखाली माझा हात त्याच्या हातात तसाच पडून राहिला, आणि त्या दिवशी म्हाताऱ्याचा गूळ व्यापाऱ्यानं सांगितलेल्या भावानं गेला.